मोठं वीजकेंद्र: धूर आणि राखेच्या पलीकडचे तोटे कोणते?

वहीचं_पान

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. पुढच्या आठवड्यात वर्गात ‘मोठी वीजकेंद्रं हवीत की नकोत’ यावर वादविवाद ठेवलाय. विरोधी बाजूच्या मुलांनी मुद्दे काढून आणले: हवा बिघडते, माणसं विस्थापित होतात, खर्च फार येतो. मुद्दे खरे आहेत. पण त्यात ‘मोठं’ या शब्दाचा काही संबंधच येत नाही. धूर छोट्या केंद्रातूनही निघतो आणि छोट्या धरणानंही गाव उठतंच.

एका मुलीनं नेमकं हेच विचारलं, “मॅडम, शंभर मेगावॉटची वीस केंद्रं आणि दोन हजार मेगावॉटचं एकच, यात दुसरं जास्त वाईट कसं?” मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

केंद्र मोठं असणं हाच तोटा असतो का? असेल तर कुठे कुठे? ज्यांनी आत काम केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. कोळसा, पाणी, अणू, कुठलंही चालेल. आकडे दिलेत तर मुलांना गणितं घालता येतील.

तिसरी_पाळी

मॅडम, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी एकतीस वर्षं कोळशाच्या केंद्रात काढली. त्यातली शेवटची बारा कंट्रोल रूममध्ये, शिफ्ट इन्चार्ज म्हणून, 500 मेगावॉटच्या सेटवर (एक सेट म्हणजे एक बॉयलर, एक टर्बाइन, एक जनरेटर). माझं उत्तर ‘हो’ असं आहे. ते मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, एका रात्रपाळीत कळलं.

टर्बाइनच्या बेअरिंगला तेलाचा दाब मिळतोय की नाही हे बघायला तीन प्रेशर स्विच असतात. मुठीत मावतील एवढे. तिघांपैकी दोघांनी ‘दाब कमी’ असं सांगितलं की संरक्षण यंत्रणा टर्बाइन बंद करते. एकाच्या चुकीनं सेट बंद पडू नये म्हणून ही ‘तीनपैकी दोन’ची पद्धत. आमच्याकडे त्यातला एक स्विच आठवडाभर ‘कमी’वरच अडकलेला होता. लॉगबुकात नोंद होती, “सुटा भाग आल्यावर बदलणे.” त्या रात्री पावणेतीनच्या सुमाराला दुसऱ्या स्विचच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं. वरच्या मजल्यावरच्या एका गळक्या व्हॉल्व्हचं पाणी केबलच्या अंगानं ठिबकत आलं होतं. झाले दोन. तेलाचा दाब उत्तम होता, पंप व्यवस्थित चालू होता, आणि 500 मेगावॉटचा सेट ट्रिप झाला.

सेट ट्रिप होतो तेव्हा आधी काचा हादरतात. बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात आणि त्या वाफेच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. समोरच्या पॅनलवर एकामागून एक अलार्मच्या खिडक्या पेटतात, शंभरेक तरी. मेगावॉटचा आकडा शून्यावर गेलेला असतो आणि फ्रिक्वेन्सीचा आकडा पन्नासच्या खाली घसरताना दिसतो. त्या रात्री तो 49.97 वरून 49.92 वर आला. दिसायला फरक एवढासा, पण तो सगळ्या ग्रिडचा, म्हणजे सगळी केंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचा आहे. कित्येकशे किलोमीटरवरचा प्रत्येक पंखा आणि प्रत्येक मोटर त्या क्षणी तेवढी मंदावली. कुठल्या केंद्रानं किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरचा फोन मी उचलायच्या आधीच वाजत होता. त्यांचा पहिला प्रश्न “काय झालं” हा नसतोच. “परत कधी देताय?” एवढंच ते विचारतात.

खरा स्विच कुठला आणि खोटा कुठला हे सापडायला आम्हाला साडेतीन तास लागले. तोवर मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी फिरणारा रोटर मंदावून बारिंग गिअरवर आला होता. तापलेला रोटर उभा ठेवला तर स्वतःच्या वजनानं वाकतो, म्हणून त्याला हळूहळू फिरवत ठेवावं लागतं. मग पुन्हा बॉयलर लाइट-अप, तेही कोळशावर होत नाही, फर्नेस ऑइल जाळावं लागतं. आमच्याकडे गरम सेट पुन्हा उचलायला तीसेक किलोलिटर तेल जायचं, पूर्ण थंड झालेला असेल तर त्याच्या तिप्पट. सेट ग्रिडला जोडला तेव्हा दुसरी पाळी येऊन बसली होती.

आता तुमच्या मुलीचं गणित. शंभर मेगावॉटच्या पाच सेटपैकी एकात पाणी शिरलं असतं, तर शंभर गेले असते, चारशे राहिले असते. आमचे एका ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हनं पाचशेच्या पाचशे गेले. ग्रिड चालवणाऱ्यांना सगळ्यात मोठा एक सेट कुठल्याही सेकंदाला जाईल असं धरूनच चालावं लागतं, आणि तेवढी वीज दुसरीकडे कायम राखून ठेवावी लागते. म्हणजे दुसरे सेट मुद्दाम कमी भारावर चालवायचे. त्यात कोळसा जास्त जळतो, कार्यक्षमता खाली येते. सेट जेवढा मोठा, तेवढी ही राखीव जास्त. मोठं केंद्र स्वस्त वीज देतं असं सांगताना हा खर्च त्याच्या नावावर कुणी लिहीत नाही, कारण तो दुसऱ्याच केंद्रात होत असतो.

फिनलंडचं उदाहरण मुलांना द्या. तिथला ओल्किलुओटो 3 हा अणुसंच 1,600 मेगावॉटचा आहे. तो अचानक गेला तर तिथल्या ग्रिडला झेपणार नाही. म्हणून त्याच क्षणी ठरलेल्या काही कारखान्यांचा 300 मेगावॉटच्या आसपासचा भार आपोआप तुटेल, अशी व्यवस्था करावी लागली. एका यंत्राच्या आकारापायी कारखान्यांनी बंद पडायची तयारी ठेवायची! या संचाचं बांधकाम 2005 मध्ये सुरू झालं, 2009 मध्ये वीज द्यायची होती, नियमित वीज सुरू झाली एप्रिल 2023 मध्ये. छोटी दहा कामं काढली तर दोन रखडतात, आठ पूर्ण होतात. एकच मोठं काम रखडलं की तेवढी वर्षं हातात काहीच नसतं.

राख आणि पाणी यांवर उद्या लिहितो. आत्ता लिहायला बसलो तर रात्र जाईल.

आकडेमोड

काकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. केंद्रं उगाच मोठी झालेली नाहीत. मोठ्या बॉयलरला जास्त दाब आणि जास्त तापमान परवडतं. जुने लहान सेट तीस-बत्तीस टक्के कार्यक्षमतेवर चालायचे, आजचे फार जास्त दाबावर चालणारे अल्ट्रा-सुपरक्रिटिकल सेट पंचेचाळीसच्या घरात जातात. म्हणजे तेवढ्याच विजेला कोळसा बराच कमी. दुसरं, एका उंच चिमणीला चांगलं ईएसपी (धुरातली राख पकडणारं यंत्र) आणि गंधक काढणारी यंत्रणा बसवणं सोपं, वीस चिमण्यांना अवघड. आणि वीस ठिकाणी वीस राखेची तळी कुणाला हवी आहेत? मला तर वाटतं, विद्यार्थ्यांनी इंधनाला विरोध करावा, आकाराला नको.

बंधाऱ्याखाली

‘वीस ठिकाणी वीस तळी कुणाला हवीत’ हे वाचून लिहायला बसले. एका ठिकाणी एक प्रचंड तळं, ते कुणाला हवं होतं?

माझं लहानपण राखेच्या बंधाऱ्याखाली गेलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. केंद्रातून पाइपांनी राख पाण्यात कालवून यायची, तळ्यात बसायची, पाणी वरून निघून जायचं. तळं ओलं असेपर्यंत त्रास कमी. उन्हानं वरचा थर सुकला आणि वारा सुटला, की दुपारी तीनला संध्याकाळ झाल्यासारखं व्हायचं. आई दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायची. तरी पाण्याच्या भांड्यावर झाकण काढल्यावर राखाडी साय दिसायची. पानांवर बोट फिरवलं की खाली हिरवं निघायचं. माझ्या शाळेच्या वहीत प्रत्येक दोन पानांच्या मधे, शिवणीत, बारीक राख साठलेली असायची. उपडी करून झटकली तरी निघायची नाही.

तळं भरलं की बंधारा उंच करायचे. माती नाही, बरेचदा राखेवरच राख. मी पाचवीत असताना तो आमच्या छपराएवढा होता. दहावीला शेजारच्या दुमजली घराच्या वर गेला. पायथ्याला नेहमी ओल असायची, त्यात आम्ही होड्या सोडायचो. विहिरीचं पाणी आधी खारट लागायला लागलं, मग आजोबांनी ते प्यायचं बंद करवलं. आम्ही तक्रारी केल्या. माणसं यायची, बाटलीत पाणी भरून न्यायची. निकाल काय आला हे आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

वीज मात्र आमच्या डोक्यावरून जायची. चारशे केव्हीच्या तारा, ओल्या हवेत त्यांचा चरचर आवाज यायचा. त्या तारांखाली बसून आम्ही कंदिलावर अभ्यास केलाय. हे मी रंगवून सांगत नाहीये. चारशे केव्हीच्या तारेतून घरात दिवा लावता येत नाही, त्याला उपकेंद्र लागतं, आणि ते आमच्या बाजूला नव्हतं.

तिसरी_पाळी

बंधाऱ्याखाली ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी ती राख पाठवणाऱ्या बाजूला होतो. केंद्र तेच असेल असं नाही, पण बाजू तीच. त्यामुळे राखेचा हिशोब मीच देतो.

मॅडम, हे फळ्यावर मांडण्यासारखं आहे. कोळसा हलक्या प्रतीचा असेल तर एका युनिटला साधारण 650 ग्रॅम लागतो. 500 मेगावॉटचा सेट पूर्ण भारावर तासाला पाच लाख युनिट काढतो. म्हणजे तासाला 325 टन कोळसा, दिवसाला 7,800 टन. मालगाडीचा एक रेक आणतो पावणेचार हजार टनांच्या आसपास. एका सेटला रोज दोन रेक. कोळशात 35 टक्के राख धरली तर दिवसाला 2,700 टनांहून जास्त राख. दहा टनी ट्रकनं न्यायची म्हटली तर 270 ट्रक, रोज, एकाच सेटची. आणि आमच्याकडे असे सेट एकापेक्षा जास्त होते.

यातली पाचवा हिस्सा राख बॉयलरच्या तळाशी पडते, उरलेली पिठासारखी बारीक असते आणि धुराबरोबर उडते. ती ईएसपी पकडतं. विजेनं भारलेल्या पत्र्यांना राख चिकटते, मग हातोडे त्या पत्र्यांना ठोकतात आणि ती खालच्या हॉपरमध्ये पडते. शंभरातले नव्याण्णवपेक्षा जास्त कण पकडले जातात, हे खरंच आहे. पण पकडलेली राख नाहीशी होत नाही. ती ताईंच्या घराकडे जाते. कोरडी राख सिमेंटला, विटांना, रस्त्याच्या भरावाला चालते आणि बऱ्याच ठिकाणी ती उचललीही जाते. मात्र सिमेंटवाल्याची उचल त्याच्या मागणीवर ठरते आणि आमची राख आमच्या लोडवर. ज्या दिवशी गाड्या येत नाहीत त्या दिवशी हॉपर भरू द्यायचा नसतो, नाहीतर राख ईएसपीच्या पत्र्यांपर्यंत चढते आणि त्यांची वीज शॉर्ट होते. मग व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी मारून तळ्यात. मी स्वतः कितीतरी वेळा तो व्हॉल्व्ह उघडायला सांगितलाय.

आकडेमोड दादा, तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. कार्यक्षमता वाढते, एका चिमणीची राखण सोपी पडते. म्हणूनच माझ्या पिढीच्या इंजिनिअरांनी मोठे सेट अभिमानानं उभे केले. मी पण त्यातलाच. पण राख एका जागी गोळा झाली की तिचा स्वभाव बदलतो. थोडी असते तेव्हा कचरा असतो, डोंगराएवढी झाली की ते धरण होतं. 22 डिसेंबर 2008 च्या रात्री अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन केंद्राचा राखेचा बंधारा फुटला. चाळीस लाख घनमीटरहून जास्त ओली राख बाहेर आली, तीनशे एकर जमीन आणि नदीचा फाटा भरून गेला, घरं जागची हलली. त्या रात्री कुणी मेलं नाही. पण पुढची कित्येक वर्षं ती राख उपसणारे कामगार आजारी पडत गेले आणि कोर्टात गेले. तिथेही वर्षानुवर्षं राखेवर राख चढवलेली होती, ताई, तुम्ही वर्णन केलीत तशीच.

आता पाणी आणि उष्णता, म्हणजे मॅडमचा खरा विषय. आमच्या सेटची कार्यक्षमता 37 टक्क्यांच्या आसपास. ग्रिडला 500 मेगावॉट द्यायचे तर भट्टीत साडेतेराशे मेगावॉटची उष्णता घालावी लागते. थोडी चिमणीतून जाते. साडेसहाशेच्या वर कंडेन्सरमध्ये जाते, कारण टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हा पाणी करावी लागते. म्हणजे तारेतून जाते त्यापेक्षा जास्त ऊर्जा कूलिंग टॉवरमधून आकाशात. लांबून जो पांढरा ढग दिसतो तो धूर नव्हे, पाणी आहे, आणि ते पाणी परत येत नाही. युनिटमागे तीन लिटर धरा. तासाला पंधरा लाख लिटर, दिवसाला साडेतीन कोटींच्या वर.

इथेच आकार आडवा येतो. ही सगळी उष्णता चाळीस-पंचेचाळीस अंशांची, कोमट. लांब नेण्यात अर्थ नाही. केंद्र लहान असेल आणि वस्तीला किंवा कारखान्याला लागून असेल तर टर्बाइनमधून वाफ जरा आधीच, गरम असताना काढायची आणि वापरायची. वीज थोडी कमी मिळते पण इंधनातला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग कामी येतो. डेन्मार्कमध्ये शहरांची घरं अशीच गरम होतात. दोन हजार मेगावॉटच्या केंद्राला एवढी उष्णता घेणारं गिऱ्हाईक मिळणार कुठे? शिवाय एवढं केंद्र वस्तीजवळ कुणी बांधू देत नाही. म्हणून ते लांब जातं, आणि लांब गेलं की उष्णता फेकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. दादा, तुमचे पंचेचाळीस टक्के मोजताना हे ऐंशी शेजारी ठेवून बघा.

वहीचं_पान

काका, कंडेन्सरचं हे गणित मी उद्याच घेते. कार्नोचं उष्णता-इंजिन शिकवताना मुलं नेहमी विचारतात, “वाया गेलेली उष्णता नेमकी जाते कुठे?” आता ढग दाखवता येईल.

ताई, तुमच्या वहीचं वाचून काही सुचेना. वर्गात सांगितलं तर चालेल का? नाव-गाव काही नाही.

एक विचारायचं राहिलं. पाण्यावरची आणि अणूवरची मोठी केंद्रं राख करत नाहीत. मग तिथे आकाराचा तोटा कमी होतो का?

बंधाऱ्याखाली

सांगा मॅडम. वही अजून आहे माझ्याकडे.

तिसरी_पाळी

मॅडम, मी जलविद्युतमध्ये किंवा अणूत नोकरी केलेली नाही. पण आमच्या धंद्यात दुसऱ्याचा अपघात सगळे वाचतात, त्यावरून सांगतो.

17 ऑगस्ट 2009, रशियातलं सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्र. 640 मेगावॉटचे दहा सेट, एकाच लांबलचक टर्बाइन हॉलमध्ये. दोन नंबरच्या सेटला आधीपासून कंप होता, त्याच्या टर्बाइनचं झाकण धरणारे बोल्ट थकले होते. ते तुटले, पाण्याच्या दाबानं सेट जागेवरून उचलला गेला आणि हॉलमध्ये नदी घुसली. 75 माणसं गेली. त्यातली बरीचशी खालच्या मजल्यांवर कामाला होती. पाणी अडवायला वरचे गेट पाडायचे तर केंद्राची स्वतःचीच वीज गेलेली. माणसं अंधारात जिने चढून वर गेली आणि हातानं गेट बंद केले. दहाच्या दहा सेट बंद, 6,400 मेगावॉट. सुरुवात एका सेटपासून झाली, पण बाकीचे नऊही पाण्यात सापडले, त्यांचा दोष एवढाच की ते त्याच छपराखाली होते. हा अहवाल वाचला त्या दिवशी मी आमच्या टर्बाइन हॉलच्या तळमजल्यावर जाऊन बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. दोन होत्या, त्यातल्या एकीसमोर भंगार रचलेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी उचलायला लावलं.

विस्थापनाचंही तसंच. चीनचं थ्री गॉर्जेस 22,500 मेगावॉटचं, जगात सगळ्यात मोठं. त्याच्या जलाशयासाठी तेरा लाखांच्या आसपास माणसं हलवली. शंभर कुटुंबांना नवीन जागी शेजारी, जमीन, विहीर मिळवून देणं एखादा तळमळीचा अधिकारी करू शकेल. तेरा लाखांचं ते होतं तेव्हा माणसाचा आकडा होतो.

अणूत मोठेपणाचा तोटा बंद केल्यावर दिसतो. आमचा बॉयलर ट्रिप झाला की इंधन तुटतं, आग विझते, संपलं. अणुभट्टी बंद केली तरी आतले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण 3,000 मेगावॉट उष्णता काढणाऱ्या भट्टीचे सहा-सात टक्के म्हणजे दोनशे मेगावॉट. एवढी उष्णता काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रात 11 मार्च 2011 रोजी भूकंप झाल्यावर चालू असलेल्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीच्या पाण्यानं डिझेल जनरेटर बुडवले आणि त्यानंतरचं सगळं त्या उरलेल्या उष्णतेनं केलं. भट्टी लहान असेल तर ही उष्णताही त्या प्रमाणात लहान असते, कधी कधी पंपाशिवाय, नुसत्या पाण्याच्या अभिसरणानं निघून जाते. नवीन लहान भट्ट्यांचे आराखडे करणारे यावरच भर देतात.

आणि साधी गोष्टही पुरते. 2013 मध्ये स्वीडनमधल्या ओस्करशामच्या 1,400 मेगावॉटच्या भट्टीला समुद्राचं पाणी घेण्याच्या जाळीत जेलीफिश अडकले म्हणून ती बंद करावी लागली. आमच्याकडे हे काम पावसात भिजलेला कोळसा करायचा. ओला कोळसा चिकटतो, साठवणीच्या बंकरमधून दळायच्या मिलमध्ये उतरत नाही. मग माणसं बंकरच्या बाजूला उभी राहून घण मारतात. रात्रभर घण मारणाऱ्यांचे तळवे मी बघितलेत.

आकडेमोड

मान्य. म्हणजे तुम्ही असं म्हणताय का, की पवन किंवा सौर असलं तरी एका जागी प्रचंड केलं तर हाच तोटा येईल?

तिसरी_पाळी

ट्रिपच्या बाबतीत हो. 9 ऑगस्ट 2019 ला ब्रिटनमध्ये एका लाइनवर वीज पडली. तसं रोज कुठे ना कुठे होतं. पण त्याच मिनिटात समुद्रातलं हॉर्नसी हे पवनकेंद्र आणि लिटल बारफर्डचं गॅसकेंद्र, दोन्ही हातातून गेली. फ्रिक्वेन्सी 48.8 ला आली आणि अकरा लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. एक वाऱ्यावरचं, एक गॅसवरचं. ग्रिडला इंधन दिसत नाही, किती मेगावॉट एकदम गेले एवढंच दिसतं. राख, पाणी, उरलेली उष्णता यांच्या बाबतीत मात्र वारा आणि ऊन यांची गोष्ट निराळी, तिथे तुमचं ‘इंधनाला विरोध करा’ हे बरोबर.

आणखी एक, जे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आमच्यासारखं केंद्र पूर्ण बंद पडलं तर ते स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही. मिल, पंखे, फीड पंप मिळून 500 मेगावॉटचा सेट पंचवीस-तीस मेगावॉट स्वतःच खातो. ती वीज बाहेरून यावी लागते. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिका आणि कॅनडात ग्रिड कोसळलं तेव्हा 265 वीजकेंद्रं बंद पडली, पाच कोटी लोक अंधारात गेले. 31 जुलै 2012 ला भारतात उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड एकदम गेले, साठ कोटींच्या वर लोकांना झळ पोचली. अशा वेळी मोठी केंद्रं मदतीला येत नाहीत, तीच रांगेत मदतीची वाट बघत उभी असतात. आधी कुठलंतरी छोटं जलविद्युत किंवा गॅसचं केंद्र बॅटरी नाहीतर डिझेलवर उठतं, मग ते एका लाइनमध्ये वीज सोडतं, ती लाइन आमच्या दारापर्यंत येते, तेव्हा आमचा पहिला पंप फिरतो. तोवर आम्ही बॅटरीच्या दिव्यात रोटरचं बारिंग कसं चालू ठेवायचं एवढंच बघत बसलेलो असतो.

मॅडम, वर्गात वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हे तेवढं सांगा.

बंधाऱ्याखाली

काका, तुम्ही त्या बाजूला होतात म्हणून विचारते. आमच्याकडचं जुनं केंद्र आता बंद झालंय. चिमणी पाडली. तळं तसंच आहे, वर गवत आलंय, मुलं खेळतात. माझा भाऊ अजून तिथेच राहतो. आता धोका संपला असं समजायचं का?

तिसरी_पाळी

नाही ताई. केंद्र बंद झालं की रोज बंधाऱ्यावर फेरी मारणारा माणूस पहिला कमी होतो. तळ्यातली वरची राख कडक होते पण आत खोलवर ती कित्येक वर्षं ओली, लापशीसारखी राहू शकते. मोठ्या पावसात वर पाणी साठलं की दाब पुन्हा वाढतो.

भावाला एवढं सांगा. मोठा पाऊस होऊन गेला की बंधाऱ्याच्या पायथ्यानं एक फेरी मारायची, एकट्यानं नाही. जिथे तुम्ही होड्या सोडायचात ती ओल बघायची. पाणी नितळ असेल आणि नेहमीएवढंच असेल तर तारीख टाकून वहीत लिहून ठेवायचं. पाणी वाढलं असेल तर लिहून कळवायचं आणि पोच घ्यायची. पण पाणी गढूळ किंवा राखाडी यायला लागलं तर थांबायचं नाही, कारण त्याचा अर्थ बंधारा आतून वाहून चाललाय. वर नवी भेग दिसली किंवा उताराचा एखादा भाग फुगून पुढे आलेला दिसला तरी तेच. आधी खालच्या घरांतली माणसं बाहेर काढायची, मग फोन करायचे. आणि गवतावर खेळणाऱ्या मुलांना मधल्या पाणथळ भागाकडे जाऊ देऊ नका. तिथे पाय रुततो.